गाळलेला शब्द

रविवार, नऊ नोव्हेंबर. चार जण गेले, तीन परतले.

जिची ही हकीकत आहे ती त्या चौघांत नव्हती. त्या दिवशी ती आपल्या कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून बसली होती. वय अडतीस, अविवाहित, निवृत्त वडिलांसोबत एका धुलाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहणारी. ती ज्या संकेतस्थळासाठी काम करी, ते लपवलेल्या डब्यांच्या खेळाचे होते. कोणीतरी एक लहान, पाणी न शिरणारा डबा झाडाच्या ढोलीत किंवा पुलाच्या कठड्याखाली लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर नोंदवतो. इतर लोक शोधत जातात, डब्यातल्या चिमुकल्या वहीत आपले नाव लिहितात आणि डबा होता तिथे परत ठेवतात. खेळ निरुपद्रवी. खेळणाऱ्यांत निवृत्तांचा भरणा मोठा, कारण त्यांना चालायला निमित्त लागते.

आकड्यांनी शोधणारे थोडे. बहुतेक जण गावाचे नाव टंकून शोधतात, आणि नाव ही सरळ वस्तू नाही. लोक एकाच गावाला कधी ‘जुने’ लावतात, कधी लावत नाहीत. एक जण ‘थोरले’ लिहितो, दुसऱ्याला ते ठाऊकच नसते. सहा वर्षांपूर्वी अशा प्रत्येक चुकीला संकेतस्थळ ‘काहीही सापडले नाही’ एवढेच उत्तर देई आणि सोमवारी सकाळी तक्रारींचा ढीग साचे. तिने एक उपाय सुचवला. जुने, नवे, थोरले, धाकटे, वरचे, खालचे अशा तेवीस शब्दांची तिने यादी केली. शोधताना हे शब्द गाळावेत आणि उरलेल्या नावाला जे गाव जुळेल ते दाखवावे. दोन जुळली तर जिथे डबे जास्त ते आधी. महिन्याभरात तक्रारी निम्म्यावर आल्या. विभागप्रमुखांनी सर्वांसमोर कौतुक केले आणि सहकाऱ्यांनी तिचे नाव ‘गाळणी’ ठेवले. तिला ते आवडे.

तक्रारी का घटल्या, याचा विचार कोणी केला नाही. ज्याला काहीच मिळत नाही तो ओरडतो. ज्याला चुकीचे मिळते त्याला ते बरोबरच वाटते. तो तक्रार करत बसत नाही, निघतो आणि पोचतो. तरीही वर्षाकाठी चाळीसेक पत्रे येत: एक गाव शोधले, दुसरेच उघडले. प्रत्येकाला ती एकच मजकूर पाठवी: ‘आपली सूचना नोंदवली आहे.’ ती खरोखरच नोंदवली जाई. पुढे काही होत नसे.

तिचे वडील टपाल खात्यात पत्रे वर्गवारी करणारे होते. एकतीस वर्षे ते उभ्याने, कप्प्यांच्या भिंतीसमोर, पत्ते वाचत राहिले. त्यांच्या जिल्ह्यात एकाच नावाची दोन गावे होती, वरचे आणि खालचे. वरचे डोंगराच्या कुशीत, नदीच्या उगमाजवळ; खालचे त्याच नदीच्या मुखाशी, खाडीवर. मध्ये चाळीस किलोमीटरचा रस्ता. आपल्या हातून वरचे पत्र खालच्या कप्प्यात एकदाही पडले नाही, असे ते सांगत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

त्या रविवारी सकाळी त्यांचे तीन सोबती घरी आले: निवृत्त बसचालक, निवृत्त मास्तरीणबाई आणि कुलूपवाले. कुलूपवाल्यांचे दुकान अजून चालू होते, पण रविवारी ते स्वतःच्याच दुकानाला कुलूप लावत.

“काय गाळणीबाई, सुट्टीच्या दिवशी पण ऑफिस?” कुलूपवाल्यांनी दारातूनच विचारले.

“तुमच्यामुळेच काका. तुम्ही रविवारी हरवता, मग आम्हाला बसावं लागतं.”

“आम्ही हरवत नाही. हे बसवाले रस्ता चुकतात, आम्ही नुसते सोबत असतो.”

“तीस वर्षं बस चालवली,” बसचालक म्हणाले, “एक प्रवासी हरवला नाही.”

“उतरायलाच दिलं नसेल कोणाला!” मास्तरीणबाई म्हणाल्या.

वडिलांच्या हातात एक कागद होता. “वरच्या गावाला जातोय बाळ. तुझ्या साइटवर नाव टाकलं, पहिलाच डबा उतरवून घेतला. दगडी धक्का आहे म्हणे, तिसऱ्या खांबाखाली.”

“बघा, मिळालं ना पटकन!” ती म्हणाली. कागद तिच्यासमोर दोन हातांवर होता. तिने तो पाहिला नाही. तिला बससाठी निघायचे होते. डोंगरातल्या गावात दगडी धक्का कुठून येणार, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही. वडिलांनी दोनच ओळी उतरवल्या होत्या, जागेचे आकडे आणि खूण. भरतीचा इशारा तिसऱ्या ओळीत होता.

दुपारी दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी तिचा फोन वाजला.

“बाळ, ऐक.” वडील धापा टाकत होते. “पाणी यायला लागलंय. मागचा रस्ता बुडाला. बाईंचा पाय रुतलाय, निघत नाही. पायाखालची वाळू सरकतेय गं, म्हणायला नाही, खरंच सरकतेय.”

“बाबा, कुठे आहात? बाबा?”

वडिलांनी गावाचे नाव घेतले. नुसते नाव. मागे कुलूपवाल्यांचा आवाज आला, “हात द्या बाई, हात!” आणि फोन तुटला. तिने परत लावला. परत लावला. घंटासुद्धा वाजेना.

बचाव केंद्राचा क्रमांक भिंतीवरच्या फलकावर होता. तीन आकडे, पण तिने ते दोनदा चुकवले. पलीकडच्या माणसाचा आवाज संथ होता.

“बोला ताई.”

तिने सांगितले. चार म्हातारी माणसे, पाणी, एकीचा पाय अडकलेला. गावाचे नाव सांगितले.

“वरचं की खालचं?”

“वरचं.”

“वरच्या गावात पाणी? नदीत तर आत्ता गुडघाभर पण नाही.”

“माझ्या वडिलांनी सकाळी सांगितलंय, वरच्या गावाला जातो म्हणून. ते टपालात होते. त्यांची चूक होणार नाही.”

“बरं. गाडी पाठवतो धरणाच्या बाजूने. फोन चालू ठेवा.”

गाडी डोंगराकडे निघाली. ती खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. त्या माणसाच्या प्रश्नाने तिच्या मनात काहीतरी कुरतडायला सुरुवात केली होती. वडील म्हणाले, पाणी यायला लागलंय. नदीचे पाणी वाढते. ‘येते’ ते समुद्राचे. तिने स्वतःच्या संकेतस्थळावर ते नाव टंकले, ‘वरचे’ या शब्दासकट. पान उघडले. खाडी, दगडी धक्का, तिसरा खांब. आणि खाली लहान अक्षरांत, ‘भरतीच्या तीन तास आधी परत फिरा.’ तिने भरतीची वेळ पाहिली. चार वाजून दहा मिनिटे.

भिंतीवरच्या घड्याळात दोन अठ्ठावन्न झाले होते.

आता जे घडले ते नीट सांगितले पाहिजे, कारण या हकीकतीत सांगण्यासारखे तेवढेच आहे. वडील बुडत आहेत हे तिला स्पष्ट समजले होते. फोन हाताशी होता. त्याच क्षणी तिला दुसरीही एक गोष्ट तितकीच स्पष्ट समजली: यादी माझी आहे. यादीच्या शीर्षभागी तिच्या नावाची आद्याक्षरे होती. चौकशी होईल, कोणीतरी हे नाव टंकून पाहील, आणि हेच पान उघडेल.

तिने यादी उघडली. ‘वरचे’ पुसले. ‘खालचे’ पुसले. बदल जतन केला. संकेतस्थळाला नवी यादी लागू व्हायला वेळ लागे. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत राही. ती त्या पट्टीकडे पाहत बसली. तिच्या ओठांतून “बाबा, बाबा” एवढेच बाहेर पडत होते, आणि डोळे पट्टीवरून हलत नव्हते. पट्टी भरली. तिने पुन्हा ‘वरचे’ टंकले. डोंगराचे चित्र आले, वाचनालयाच्या भिंतीमागचा एक डबा आला. मग तिने फोन उचलला. तीन वाजून पाच मिनिटे झाली होती.

“खालचं,” ती ओरडली. “खालचं गाव, खाडीवर, तिसरा खांब. मी चुकीचं सांगितलं.”

“ताई, नक्की ना? आता पुन्हा बदलू नका.”

“नक्की. देवाशपथ नक्की. लवकर पाठवा हो, माझे वडील आहेत.”

“होडी बंदरात तयारच उभी आहे. निघाली.”

या वागण्याला नीचपणा म्हणणे सोपे आहे, पण त्याने काही समजत नाही. भीतीला एकच तोंड असते असे आपण मानतो. तिला दोन होती. बापासाठी वाटणारे भय मोठे होते यात शंका नाही, परंतु मोठ्या भयापुढे माणूस हतबल असतो. लहान भयाबाबत काही करता येते, म्हणून हात तिकडे जातो. वर्षानुवर्षे ज्या कामात चूक होणे म्हणजे तक्रार येणे आणि चूक मिटणे म्हणजे तक्रार थांबणे, त्या कामाने तिच्या हातांना हेच वळण लावले होते.

पुढची बेचाळीस मिनिटे तिने जिन्यात काढली. खोलीत बसवत नव्हते, आणि खाली उतरले तर फोनला रेंज मिळत नसे. जीव टांगणीला लागणे म्हणजे काय, ते तिला तिथे कळले. कठडा धरून ती पायऱ्या मोजे, चौदा, पुन्हा चौदा. विभागप्रमुखांचा घरून फोन आला. कोणीतरी त्यांना कळवले होते.

“बाहेर कोणाशी काही बोलू नका. साइटचं काय? चुकलंय का काही?”

“आता बरोबर आहे, साहेब,” ती म्हणाली.

तीन सत्तेचाळीसला बचाव केंद्राचा फोन आला. “तुमचे वडील आहेत, ताई. तिघे आहेत. खांबाच्या शिडीला धरून होते, पाणी छातीपर्यंत.”

“चार,” ती म्हणाली. “चार आहेत ते.”



कुलूपवाल्यांनी मास्तरीणबाईंचा पाय मोकळा केला होता. दोन्ही हातांनी चिखल उपसून, बूट आतच सोडून, त्यांना शिडीपर्यंत ढकलले होते. त्यानंतर स्वतःला वर ओढण्याइतके बळ त्यांच्यात उरले नव्हते. बसचालकांच्या अंदाजाने ते पाच-दहा मिनिटे शिडीच्या खालच्या दांडीला धरून होते आणि होडी वळणावर दिसायच्या थोडे आधी सुटले. अंदाजच, त्या तिघांपैकी कोणी घड्याळ पाहत नव्हते.

वडील चार दिवस रुग्णालयात होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला जवळ बोलावले.

“फोन दाखवेल तसे गेलो. गावाच्या वेशीवर पाटी होती,” ते म्हणाले. “मी वाचली. ‘खालचे’ लिहिलं होतं. मी म्हटलंही, अरे, हे खालचं आहे.”

“मग?”

“कुलूपवाले म्हणाले, तुमच्या पोरीची साइट आहे, ती काय खोटं बोलेल? म्हणाले, पाटी जुनी असेल.” ते थांबले. “आणि मला बरं वाटलं, बाळ. तुझं नाव काढलं म्हणून बरं वाटलं. मी गप्प बसलो. एकतीस वर्षं मी असं एक पत्र जाऊ दिलं नाही.”

यादीविषयी तिने त्यांना त्याच वेळी सांगितले. रडत, सारे सांगितले. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आपण दोघं आहोत यात.” सात मिनिटांविषयी तिने सांगितले नाही.

चौकशी झाली. अहवालात लिहिले आहे की शोधयंत्रणेतील दोष तीन वाजून चार मिनिटांनी दूर करण्यात आला आणि लगेच, तीन वाजून पाच मिनिटांनी, बचाव केंद्राला सुधारित माहिती देण्यात आली. दोन्ही वेळा अचूक आहेत. त्यांचा क्रम कोणाच्या डोळ्यांत खुपला नाही. उलट तत्परतेबद्दल एक वाक्य आहे. उरलेले एकवीस शब्दही यादीतून काढले गेले. आता सोमवारी पुन्हा ढीग साचतो, आणि ती एकेका पत्राला वेगळे उत्तर लिहिते.

डिसेंबरात कुलूपवाल्यांच्या पत्नी तिला भेटायला आल्या. दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत बसल्या. खालच्या दुकानातून इस्त्रीच्या वाफेचा वास येत होता. वडील आत पडून होते.

“एकच विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “तुला कळल्या कळल्या फोन केलास ना गं? म्हणजे मला मनाला समजावता येईल, की जेवढं व्हायचं तेवढं झालं.”

तिच्या डोळ्यांसमोर पडद्यावरची ती सरकणारी पट्टी आली.

“हो, काकू,” ती म्हणाली. “लगेच.”

काकूंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, थोडा वेळ धरून ठेवले आणि त्या गेल्या.

त्यांना खरे उत्तर देणे अजून बाकी आहे.