अस्वलाचा खोकला

वर्षभर आमच्या घरात खडूची एक रेघ होती. सासूबाईंच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर, फरशीवर, मी स्वतः ओढलेली. रोज लादी पुसली की ती जायची आणि रोज मी ती परत ओढायचे. पोरांनी तिच्या पलीकडे जायचं नाही, हा नियम. सासूबाईंना जुना दमा, दिवसातून दोनदा पंप. करोना झाला तर त्या निभावणार नाहीत, असं डॉक्टरांनी मला फोनवर सरळ सांगितलं होतं आणि ते मी कुणाला न सांगता गिळून टाकलं होतं. म्हणून मग दुधाच्या पिशव्या साबणाने धुणं, नवऱ्याला दारातच कपडे बदलायला लावणं, सगळं केलं. विक्रोळीच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मला मागून 'इन्स्पेक्टर' म्हणायच्या. म्हणू देत, माझं काय जातंय.

रेघेच्या अलीकडे मात्र माझा मुलगा बिघडत चालला होता. सात वर्षांचा, शाळा मोबाईलवर. एकदा जेवताना नीट बघितलं तर त्याच्या डाव्या भुवईत टक्कल. तास चालू असताना तो एकेक केस उपटायचा आणि वहीच्या पानावर ओळीने मांडून ठेवायचा. मी ओरडले, मग रडले, मग परत ओरडले. त्याने उजवी भुवई सुरू केली. धाकटी चार वर्षांची, ती खिडकीच्या ग्रिलला चिकटून खालून जाणाऱ्या दिसेल त्या माणसाला हाका मारत बसायची.

थंडी सरता सरता आकडे उतरले. खाडीपलीकडचं, बोटीने जावं लागतं ते मोठं पार्क परत उघडल्याचं कळलं. नवरा म्हणाला, "चल ना यार, एक दिवस. लोक गोव्याला जाऊन आले." मी नाहीच म्हटलं. सासूबाई रेघेपलीकडे खुर्ची टाकून टीव्ही बघत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "घेऊन जा गो पोरांक. माझ्यापायी तेंका कोंडून घालू नको. फक्त मास्क काढू नको." मी मुलाच्या भुवईकडे बघितलं आणि हो म्हणाले.

रविवारी निघालो. टॅक्सीने पवईवरून बोरिवली, पुढे जेट्टी. जेट्टीवर दोन-दोन हातांवर पांढरे गोल आखलेले, सगळे शहाण्यासारखे आपापल्या गोलात उभे. बोट आली आणि तेच सगळे मांडीला मांडी लावून बसले. मी धाकटीला मांडीवर घेऊन तिचं तोंड माझ्या ओढणीत दाबून धरलं.

गेटवर एकाने कपाळाला ताप मोजायची बंदूक लावली. मला चौतीस. नवऱ्याला चौतीस. मुलांनाही चौतीस. मी म्हटलं, "दादा, चौतीसला माणूस गार पडलेला असतो." तो म्हणाला, "जाओ ना मॅडम." त्याने मशीनकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

आत माणसंच नव्हती. म्हणजे होती, चार इथे, चार तिथे, पण एवढ्या मोठ्या जागेत ती दिसेनाशी होत होती. पाळण्यांच्या एकाआड एक सीटवर लाल-पांढरी पट्टी गुंडाळलेली. मोठं जहाज कुणीही न बसलेलं असं झुलत होतं, का झुलत होतं कोण जाणे. भोंग्यावर एकच गाणं फिरून फिरून लागत होतं, आणि मध्येच एक बाई गोड आवाजात हात धुवायला सांगायची. कारंज्याच्या हौदात हिरवं पाणी साचलेलं. 

पण पोरं! पोरांना कसलं काय. गोल फिरणाऱ्या कपात बसल्यावर मुलगा असा हसला की मला तो आवाज ओळखूच येईना. किती महिन्यांनी ऐकत होते. दुपारपर्यंत त्याचा हात एकदाही भुवईकडे गेला नाही. मी पाळणे बघितलेच नाहीत, मी तो हातच बघत होते.

खाऊच्या स्टॉलपाशी अस्वल उभं होतं. तपकिरी, माणसापेक्षा उंच, आत कुणीतरी माणूस. त्याच्या हसऱ्या तोंडावर एक भलामोठा निळा मास्क शिवून टाकलेला. लोक लांबूनच त्याला हात हलवत होते. माझ्या मुलाचा मास्क पॉपकॉर्नसाठी हनुवटीवर आला होता. मी "अरे थांब" म्हणेपर्यंत तो धावला, दोन्ही हातांनी अस्वलाला मिठी मारली आणि त्याच्या पोटात तोंड खुपसलं.

त्या पोटातून खोकला आला. ओला, खोल, एकदा सुरू झाला तो थांबेना. अस्वल वाकलं, दोन्ही पंजे गुडघ्यांवर टेकून उभं राहिलं. मास्कच्या वरचे डोळे तसेच हसरे. नवरा चार पावलं मागे मोबाईल धरून म्हणत होता, "इकडे बघ रे, अजून एक." अस्वल सरळ झालं आणि फोटोसाठी त्याने माझ्या मुलाच्या खांद्यावर पंजा ठेवला.

"आई, अस्वलाला खोकला झालाय," मुलगा म्हणाला.

"धूळ गेली असेल रे. चल," मी म्हटलं. आणि त्याचं तोंड सॅनिटायझरने इतकं पुसलं की त्याचे गाल लालभडक झाले. आतल्या माणसाचा मला भयंकर राग आला होता. पण घरी बसला असता तर त्याला खायला कोण घालणार होतं, हेही कळत होतं. म्हणून कुणाला काही बोलले नाही.

घरी आलो. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं, "मास्क लावलेलो ना गो?"

"हो आई. पूर्ण वेळ."

सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण सांगितलं असतं तर मुलाला चार शब्द ऐकावे लागले असते आणि मलाही. आणि तो आज पोटभर जेवला होता, हात अंगाशी ठेवून शांत झोपला होता. मी म्हटलं, जाऊ दे, एक खोकला तर होता.

बुधवारी दोन्ही पोरांना ताप आला. फार नाही, पण दोघांना एकदम. टेस्ट करायला हवी होती, मान्य. पण तेव्हा पॉझिटिव्ह आलं की मजला सील, दारावर कागद, आणि जिन्यातून जाताना लोकांच्या नजरा. वर्षभर ज्या बाईने सगळ्यांना शिस्त लावली तिच्याच घरात निघाला म्हणतील, याचीही लाज. तेव्हा मी घरात सांगितलं की थंडीताप आहे, दोन दिवसांत जाईल.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. "दिष्ट लागली हा पोरांक. मी दिष्ट काढतंय." आमच्याकडे पोरं कुठे बाहेर जाऊन आली आणि आजारली की त्या हेच करायच्या. मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन डोक्यावरून उतरवायच्या, आल्यागेल्याची, वाटेवरची असं काहीतरी पुटपुटायचं, आणि मूठ तापल्या तव्यावर टाकायची. मिरची जळून ठसका लागला तर दृष्ट नाही. वासच आला नाही, ठसकाच लागला नाही, तर फार मोठी दृष्ट लागलेली होती आणि ती आता उतरली. त्यांच्या आईने त्यांना असंच शिकवलं होतं.

"आई, लांबून करा," मी म्हटलं.

"दिष्ट लांबसून काढतत काय गो?" त्या हसल्या आणि रेघेच्या अलीकडे आल्या. एका वर्षाने पहिल्यांदा. दोन्ही पोरांना समोर बसवलं, दोघांच्या तोंडावरून मूठ फिरवली. तवा तापला आणि घरभर असा ठसका उठला की आम्ही सगळेच खोकून खोकून बेजार झालो. त्याही खोकल्या, पंप घेतला आणि खूश होऊन म्हणाल्या, "दिष्ट नाय हा. साधो ताप." मग त्यांनी तापलेल्या धाकटीला मांडीवर घेतलं. वर्षभर घेतलं नव्हतं, तेव्हा बराच वेळ घेऊन बसल्या. त्यांच्या पायांनी रेघ पुसली गेली होती. मी ती परत ओढली नाही.

शुक्रवारपर्यंत दोघांचा ताप उतरला. मुलाच्या भुवईत काळे काळे खुंट दिसायला लागले. सुटलो बाबा, असं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा.

सोमवारी संध्याकाळी धाकटीचं पोट बिघडलं. मी खाली मेडिकलमध्ये जाऊन आले. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरच मला ठसका लागला. शेजारीण नाकाला पदर लावून दारात उभी होती. "कोण मिरच्या जाळतंय गं? वाट लागली नुसती." मी तिसऱ्या मजल्यावर धावत गेले. आमचं दार उघडं, धूर बाहेर येत होता. आतल्या खोलीचं दार लावून घेऊन पोरं आत खोकत होती.

सासूबाई स्वयंपाकघरात तव्यासमोर उभ्या होत्या. तव्यावर मूठभर मिरच्यांचा कोळसा. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, पदराने पुसत होत्या. पण खोकत नव्हत्या. चेहरा अगदी समाधानी.

"बघ गो," त्या म्हणाल्या. "मूठभर घातलंय. वास म्हणून नाय. केवढी दिष्ट लागलेली पोरांक."

मी गॅस बंद केला. मी खोकून खोकून बेजार झाले होते. वास जाणं म्हणजे काय, ते त्या वर्षी कुणाला माहीत नव्हतं? त्यांनाही टीव्हीवर ऐकून माहीत होतं. पण तव्यासमोर त्यांना त्यांच्या आईचं आठवलं, टीव्हीचं नाही.

"हो आई," मी म्हटलं. "खूपच लागली होती."

गुरुवारी दुपारी ॲम्ब्युलन्स आली. बेड मिळेपर्यंत त्यांचे ओठ निळसर पडले होते, तरी जिना स्वतःच्या पायांनी उतरल्या. पोरं खिडकीच्या ग्रिलला. खाली पांढऱ्या पोशाखातला माणूस दार उघडून घाई करत होता. त्या थांबल्या, वर बघितलं, दोन्ही हात हवेतूनच पोरांवरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर नेऊन बोटं मोडली. पोरांवरची पीडा आपल्यावर घ्यायची, असा त्याचा अर्थ. अकराव्या दिवशी सकाळी फोन आला. आम्हाला चेहरा बघायला मिळाला नाही.

मुलगा आता बारा वर्षांचा आहे. भुवया बापासारख्या दाट. परवा शाळेत रोग कसे पसरतात ते शिकवलं होतं. जेवता जेवता म्हणाला, "आई, आपण पार्कला गेलो आणि आजीला वास येईना, मध्ये किती दिवस गेले?"

"नाही आठवत रे. भाकरी संपव."

"आठ," तो म्हणाला. "मी मोजलेत. अस्वलाला मिठी मी मारली होती ना?" आणि त्याचा हात भुवईकडे गेला.

मी तो हात धरला. खरकटाच होता. "तू मला सांगितलं होतंस खोकला झालाय म्हणून. मी ऐकलं होतं. धूळ गेली असेल, असं मी म्हटलं. आजीला मी सांगितलं नाही. तू सात वर्षांचा होतास, मी नव्हते."

त्याने विचारलं, "आजीला कळलं होतं?"

"नाही," मी म्हटलं. "तिला दृष्टच वाटली."