स्लॅबवरचं धोतर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगणार कसं — लोक मला भाषणाला बोलावतात, शाल घालतात आणि दरवेळी एकच विचारतात, वरून पृथ्वी कशी दिसते हो? मी सांगतो. निळी, शांत, कुठं शीव नाही की बांध नाही. टाळ्या पडतात. खोटं नाही ते. पण त्याचाही आता लई कंटाळा आलाय.

अवकाशस्थानकात होतो तेव्हाची गोष्ट. दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी. खिडकीशी गेलं की तिथून हलावंसं वाटत नाही. पहिल्या दिवशी तर माझे डोळेच भरून आले — एवढीशी ही जागा, आणि आपण कशाकशावरून भांडतो! मग थकवा आला. झोप धड नाही, डोकं जड, कामं संपता संपेनात. आपला मुलुख चार-पाच मिनिटांत खालून निघून जायचा, तपकिरी, धुरकट. त्यात बीड कुठलं आणि आमचं नेकनूर कुठलं? कपाळ माझं!

तिथून घरी फोन लावता येतो. आई नेकनूरला एकटी. एकदा म्हणाली, "आरं, स्लॅबवर तुज्या बापाचं धोतर हातरलंय. चारी कोपऱ्यांला दगडं ठिवलेत. दिसतंय का?"

मला झोप येत होती. फोन संपवायचा होता, बस्स. म्हणालो, "दिसतंय की. तू पण दिसतीस. रोज बघतो."

रोज! हा शब्द कशाला जोडला मी? कुणी मागितला होता?

माझी धाकटी बहीण रेखा नांदूरघाटला दिलेली. तिचं दुसरं बाळंतपण, म्हणून ते सासरीच. तिनं आईला निरोप धाडला — ये, मला भ्या वाटतंय. आई गेली नाही. पोरगं रोज वरून बघतंय, मी दिसले न्हाई तर तिथं एकटं घाबरंल, म्हणाली. आणि उन्हात त्या धोतरापाशी बसून राहिली. इकडं रेखानं सासूपुढं तोंड उघडलं नाही, दिवसभर कळा अंगावर काढल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. मुलगी होती.

आई तिथं असती तर ती पोर वाचली असती का? मला माहीत नाही. रेखाला मात्र खात्री आहे. लेकाच्या कौतुकापायी आईनं मला टाकलं, असं म्हणून तिनं माहेर तोडलं.

खाली उतरल्यावर हे सगळं मला कळलं. एवढंच बोलायचं होतं — रेखा, आईची चूक नाही, मी तिला फसवलं. बोललो का? खरं कळलं तर आई खचेल, असं मनाला सांगत राहिलो. साफ खोटं. गावोगाव हारतुरे चालले होते, मला माझा मान जपायचा होता. भित्रा होतो, दुसरं काय? आई लेकीचा अबोला सोसत राहिली, आणि माझं नाव निघालं की पदरानं डोळे पुसून हसायची.

गेल्या साली आई गेली. रेखा दहाव्याला आली, दारातच बसली. रडली नाही. "तिला तूच एकटा होतास, दादा," म्हणाली. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं.