माझ्याआधी पर्मनंट झालेला कोंबडा

डोलवीच्या कारखान्यात मी कंत्राटी कामगार म्हणून लागलो, त्याच वर्षी आई गावदेवीला नवस बोलली: पोरगा पर्मनंट झाला की कोंबडा देईन. कोंबडाही तिने तिथल्या तिथे ठरवून टाकला. तांबड्या पिसांचा, नुकताच आरवायला शिकलेला. आमचं घर पेणच्या खाडीकडच्या अंगाला. दोन भातखाचरं, एक म्हैस, एक कुत्रा, पाच-सहा कोंबड्या. एवढ्या गोतावळ्यात त्या दिवशी एकाचीच नेमणूक कायम झाली, आणि ती माझी नव्हती.

देवीच्या नावाने सोडलेल्या कोंबड्यावर हात उगारायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज. हे त्याला कुणी सांगितलं ठाऊक नाही, पण आठ दिवसांत त्याची चाल बदलली. आधी तो पहाटे आरवायचा. आता सगळे उठले, चहा झाला, की कुंपणावर चढून एकदाच आरवायचा. हजेरी लावल्यासारखा. वाळत घातलेल्या भातात मधोमध उभा राहून खायचा, आणि आई त्याला हाकलायची नाही, विनवायची. "सरक रे बाबा, जरासा सरक." मला तिने आयुष्यात कधी असं विनवलं नव्हतं.

कुत्र्याने एकदा त्याच्या शेपटीचं पीस उपटलं. कुत्र्याला दोन दिवस बांधून ठेवलं; त्याची बाजू कुणी ऐकून घेतली नाही. सुटल्यावर तो ओटीवरची आपली जागा सोडून गोठ्यामागे झोपू लागला आणि ओटीवर कोंबडा बसू लागला. म्हशीशी मात्र त्याने जमवून घेतलं होतं. धार काढायच्या वेळी तो तिच्या पाठीवर चढून गोचिडी टिपायचा, आणि आईला रोज एखादी तरी लाथ झाडणारी ती म्हैस डोळे मिटून उभी राहायची. पुढे पुढे तो पाठीवर चढल्याशिवाय ती पान्हाच सोडेना. मग तो उशिरा येऊ लागला. साहेबाच्या केबिनबाहेर मी ताटकळायचो, तशी आई बादली घेऊन गोठ्यात ताटकळायची.

दर वर्षी कारखान्यात यादी लागे, तीत माझं नाव नसे, आणि कोंबड्याला आणखी एक वर्ष मिळे. मी हात हलवत घरी आलो की तो ओटीवरून माझ्याकडे बघायचा. त्या घरात माझ्या अपयशाने कुणाचं तरी भलं होत होतं.

चौथ्या वर्षी, पाऊस लागायच्या आधी, शिफ्ट सुटताना माझ्या हातात पत्र पडलं. मी पर्मनंट झालो होतो.

घरी आलो तेव्हा तो म्हशीच्या पाठीवर एका पायावर उभा राहून डुलक्या काढत होता. मी पत्र भाताच्या कणगीमागे सरकवलं. हा गेला तर म्हैस दूध द्यायची नाही, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण हे, की मला तो आवडत होता. कंपनीत जाणाऱ्या माणसाने कोंबड्यापायी अडून बसावं, हे मला तेव्हा कबूल करता आलं नाही.

पण आई माझ्या नोकरीसाठी दर मंगळवारी निरंकार उपास धरायची, पाण्याचा थेंबही नाही. पत्र कणगीमागे असताना तिने असे सहा मंगळवार धरले. प्रत्येक मंगळवारी मी तिच्यासमोर बसून भाकर खाल्ली.

सहाव्या मंगळवारी लावणी चालली होती. चिखलात वाकलेली आई एकाएकी बांधावर बसली. तोंड पांढरंफटक. शेजारची काकी धावली.

"काय झाला गो? पाणी दे तिला!"

"नाय, आज मंगळवार हाय," आई म्हणाली.

"अगो, पोराला पर्मनंट करता करता तूच जाशील!"

मी घराकडे पळालो, कणगीमागून पत्र ओढलं आणि चिखलाच्या हातांनी तिच्यापुढे धरलं. "आई, पर्मनंट झालो!"

"कवा आला रे?"

"काल," मी म्हणालो. "शिफ्ट सुटताना दिलं. तुला सांगायचं राहिलं."

आईला वाचता येत नाही. तिने पत्र डोळ्यांना लावलं आणि मग पाणी प्यायली.

श्रावण लागायच्या आत नवस फेडायचा म्हणून त्याच रविवारी देवळात गेलो. कोंबडा आईच्या काखेत ऐटीत बसला होता, सत्काराला निघाल्यासारखा. पुजाऱ्याने गाऱ्हाणं घातलं आणि मला म्हणाला, "पत्र वाच. देवीला आयकू दे." मी वाचलं. तारखेपाशी थांबलो. आई हात जोडून उभी होती. देवीसमोर मी तारीख दीड महिना पुढची वाचली.

आई आजही सांगते, मी बांधावर बसले नि देवीला दया आली, लगेच पत्र दिलान. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.

त्या दुपारी तिने तंगडी माझ्या ताटात वाढली. "खा, तुझ्याच नावाचा हाय."

घास घशाखाली उतरायचा नाही, अशी माझी खात्री होती. उतरला. चार वर्षं फुकटचं भात खाल्लेल्या कोंबड्याचं मटण चिवट होतं, पण रस्सा फार चांगला झाला होता. मी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.