सुकऱ्याची मिठाची डोण

दोन हजार सतरा साली गंजाडपलीकडच्या एका पाड्यावर मी रस्त्याचा सुपरवायझर म्हणून गेलो, तेव्हा माझ्या वहीत एकच अडचण लिहिलेली होती: ‘मोठा दगड, फोडणे’. त्या दगडावर सुकऱ्या बसला होता. सत्तरीचा, काटकुळा आणि हसरा. हसऱ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मला तो बघताक्षणीच आवडला नाही.

“दगड नाय सायेब, डोण हाय. राजाच्या हरणांना मीठ घालायची. फोडू नका.”

पूर्वी इथल्या संस्थानच्या राजाने म्हणे या टेकडीला दगडी गडगा घालून आत हरणं पाळली होती, पाहुण्यांना दाखवायला. सुकऱ्याचा आजा त्यांना मीठ घालायचा. राजा गेला, गडग्याचे दगड लोकांच्या जोत्यांत गेले, हरणं रानात पांगली. उरली ही डोण. सुकऱ्याने जन्मात हरीण पाहिलं नव्हतं, पण मीठ एक दिवस चुकवलं नव्हतं.

“लग्नाच्या दिवशी पण हा आधी इथं आला, मग मांडवात,” त्याची बायको नवशी म्हणाली. तिचा राग अजून गेलेला नव्हता.

“राजाची कशावरून? कागद आहे का?” मी विचारलं.

“कागद नाय. हाक हाय.”

त्याने तोंडाशी हात धरला. “येऽ लोऽ लोऽ लोऽ!” पाड्यातल्या झाडून सगळ्या शेळ्या धावत आल्या आणि जेसीबीच्या पुढून घुसून डोणीला भिडल्या. ड्रायव्हरने मशीन बंद केलं आणि पोट धरून हसत सुटला.

“अहो, या तर शेळ्या!” मी म्हणालो.

“हाक हरणांची हाय, आज्याची. शेळ्या फुकटात शिकल्या.”

मी तणतणत शेळ्या हाकलायला गेलो, तेव्हा डोण जवळून दिसली. डोणीच्या उंच काठावर ओळीने गुळगुळीत खळगे होते, जिभांनी झिजवलेले. शेळ्यांना तिथे पोचायला पुढचे पाय वर टेकावे लागत होते; हे खळगे त्यांच्याहून उंच जनावरांचे होते. मला माझ्या वहीची लाज वाटली.

तिथे आता रस्त्याला छोटंसं वळण आहे. वरच्या साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा मी लिहून टाकलं: ‘हरणांची ये-जा’. महिनाभरात वळणावर खांब आला आणि खांबावर उडी मारणाऱ्या हरणाचा बोर्ड.

सुकऱ्याने तो बराच वेळ न्याहाळला.

“शिंगं बारकी काढलीत. आजा सांगायचा, मोठी होती,” तो म्हणाला, आणि मिठाचा एक खडा त्याने खांबाच्या बुडाशी ठेवला.