उजवीकडची खुर्ची

ठोंबरेसर लाल पेननं वाचायचे. ऑफिसातले बाकी सगळे स्क्रीनवर वाचत. सर मात्र प्रिंट काढायचे, पेनचं टोपण दातांत धरायचे आणि पहिल्या ओळीपासून खोडायला लागायचे. समासात काही लिहायचे नाहीत, नुसतं खोडायचे. पानं परत आली की त्यांवर दोन-तीन वाक्यं शिल्लक असायची. तेवढीच आपल्या कामाची, असं समजून घ्यायचं.

मी २००३ साली अमेरिकेत मॉरिसव्हिलला त्यांच्या टीममध्ये आलो. पहिल्याच आठवड्यात माझी चौदा पानं अशी परत आली. एकच वाक्य उरलं होतं : 'सर्व्हर रोज पहाटे चारला बंद होतो.'

"बाकीचं काय आहे बे हे?" सरांनी विचारलं.

"एक्स्प्लनेशन आहे, सर."

"कोणी मागितलं?"

सर मूळचे नागपूरचे. अमेरिकेत बरीच वर्षं काढूनही 'बे' सुटला नव्हता. अमेरिकन लोक त्यांना डीजे म्हणत, आम्ही मराठी पोरं सर म्हणत असू. ते मला माझ्या नावानं कधीच हाक मारायचे नाहीत. "काय करून राहिला, इचलकरंजी?" असं म्हणायचे. मी इचलकरंजीचा. वडील दुसऱ्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालवायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सरांना हे मीच पहिल्या दिवशी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. त्यांच्याजवळ काही सांगितलं की ते जपून ठेवतात आणि योग्य वेळी बाहेर काढतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

ती वेळ दुसऱ्या वर्षी आली. अकरा जणांच्या मीटिंगमध्ये सरांनी माझं डॉक्युमेंट हातात घेतलं, वजन करावं तसं वरखाली केलं आणि मराठीत म्हणाले, "बाप मागावर, पोरगा कीबोर्डवर. दोघांचाही नुसता खडखडाट."

टीममधली तिन्ही मराठी माणसं हसली. आमच्या अमेरिकन मॅनेजरनं विचारलं, काय झालं? सरांनी ते वाक्य इंग्रजीत करून सांगितलं. मग उरलेलेही हसले. मीही हसलो.

त्याच शनिवारी सरांचा फोन आला. "दोन वाजता खाली ये. वाजवणं म्हणजे काय असतं ते ऐकवतो तुला."

तासभर पश्चिमेला गेलं की एक लहान गाव लागतं. तिथली कापडमिल नुकतीच बंद पडली होती. गावात एक न्हाव्याचं दुकान. शनिवारी दुपारी केस कापणं थांबलं की तिथं खुर्च्या गोल मांडायचे आणि आसपासची माणसं गिटार, बँजो, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन घेऊन बसायची. ब्लूग्रास म्हणतात त्या संगीताला. तबला-ढोलकीसारखं तालवाद्य नाही, सगळा ताल तारांवरच. सर दोन वर्षं दर शनिवारी आपली गिटार घेऊन तिथं जात होते. घरी त्याचं कौतुक कुणालाच नव्हतं. वहिनी म्हणायच्या, "गॅरेजमध्ये गाडी राहत नाही, हे राहतात. अन् गाणं एकच! परवा पोरगी म्हणाली, 'डॅड, प्लीज, समथिंग एल्स.'"

ते एक गाणं त्या दुकानात वाजवणाऱ्या हॉलिसचं होतं. म्हणजे तसं ते कुणाचंच नव्हतं, त्या भागातलं जुनं लोकगीत. नदीला पूर आलाय, पूल वाहून गेलाय आणि पलीकडच्या काठावर बायको कंदील घेऊन उभी आहे. चर्चच्या सहलीत पोरं ते टाळ्या पिटत म्हणतात, इतकं सगळ्यांच्या तोंडी बसलेलं. हॉलिस ते गायचा नाही. सत्तरीचा, टोपी घातलेला, गडद चष्म्याचा म्हातारा. एकतीस वर्षं त्याच मिलमध्ये मागावर काढलेली. तो ते अर्ध्या लयीत, नुसतं गिटारवर वाजवायचा. टाळीची जागा काढून टाकलेली, नाचरा भाग काढून टाकलेला. उरायचं ते इतकं थोडं की ऐकताना भीती वाटायची, आता तुटेल. आणि शेवटच्या ओळीचा शेवटचा सूर तो वाजवायचाच नाही. हात तारांवरून उचलायचा. दुकानातला प्रत्येक जण तो सूर आपल्या मनात लावायचा.

सरांना कुणाची स्तुती करताना मी आयुष्यात तेवढंच ऐकलं. "हजार लोकांनी वाजवलंय बे हे गाणं. ह्यानं काय केलं? खोडलं. खोडत खोडत त्या बाईपर्यंत आला."

तिथली पद्धत अशी : पहिलं कडवं म्होरक्यानं वाजवायचं, मग त्यानं एकेकाकडे पाहून हनुवटी उचलायची. ज्याच्याकडे पाहिलं त्यानं पुढचं कडवं एकट्यानं वाजवायचं, बाकीच्यांनी मागे ताल धरायचा. शेवटचं कडवं पुन्हा म्होरक्याचं. म्होरक्या अर्थात हॉलिस. सर त्याच्या उजव्या हाताला, भिंतीलगतच्या खुर्चीत बसले होते. तिथून त्याचा वाजवणारा हात अगदी जवळून दिसायचा. पहिल्याच दिवशी ती खुर्ची रिकामी मिळाली आणि नंतरही दर शनिवारी रिकामीच असते, याचा सरांना आनंद होता. ती रिकामी का असते, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. सर तिथं कुणाशी बोलतच नसत. वेळेवर यायचे, मान झुकवायचे, ताल धरायचे, मान झुकवून निघायचे. गप्पा मारणं त्यांना त्या संगीताचा अपमान वाटायचा.

मी समोरच्या बाकावर बसलो होतो. मध्येच न्हाव्याच्या बायकोनं कॉफी आणली आणि हॉलिसचा कप नेमका त्याच्या उजव्या बाजूच्या स्टुलावर ठेवला. हॉलिसनं हात पुढे केला. बोटं कपाच्या अलीकडे चाचपली, मग पलीकडे. शेवटी त्यानं अख्खी मान वळवली, तेव्हा कुठे कप सापडला. चष्म्याच्या वर भुवईत एक सरळ चीर होती.

मला लगेच कळलं. आमच्या शेडमध्ये बाबूकाका होते. मागावरचा धोटा कधीकधी सुटतो आणि गोळीसारखा उडतो. बाबूकाकांचा डोळा तसाच गेला होता. भुवईत अशीच चीर होती आणि चहाचा कप ते असाच शोधायचे. शेडमधली आम्ही पोरं त्यांच्या चांगल्या बाजूनं जाऊन हाक मारायचो. दुसऱ्या बाजूला उभं राहिलं की त्यांच्या लेखी आपण नसतोच.

मला वाटलं, सरांना माहीत असेल. परत येताना गाडीत सर म्हणाले, "दोन वर्षं झाली. अजून त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. एकदा त्यानं हनुवटी उचलावी अन् मी त्या गाण्यातलं एक कडवं वाजवावं. बस. ह्या देशाकडे दुसरं काही मागत नाही मी."

मी तोंड उघडलं. "सर, मला वाटतं त्यांना—"

"बरोबर आहे त्याचं," सर म्हणाले. "मी अजून तयार नाही. गुरूला असं विचारायचं नसतं बे, की माझी पाळी कधी. तो पाहतो तेव्हा पाहतो. तुला काय कळणार म्हणा. तू खडखडाटात वाढलास."

मी तोंड मिटलं.

पुढच्या शनिवारी सांगू, असं ठरवलं होतं. पुढच्या शनिवारी सर पुन्हा त्याच खुर्चीत बसले आणि हॉलिसची हनुवटी डावीकडच्या बँजोपासून समोरच्या फिडलपर्यंत फिरून परत गेली. सरांची तारा छेडायची पिक धरलेली बोटं प्रत्येक वेळी घट्ट व्हायची आणि मग सैल पडायची. मी बाकावरून ते पाहिलं. आदल्या दिवशीच सरांनी माझी नऊ पानं कचऱ्याच्या डब्यावर धरून विचारलं होतं, "इथं ठेवू की रीसायकलमध्ये?" मी ती बोटं सैल पडताना पाहत राहिलो.

असे शनिवार तीन वर्षं गेले. आधी सांगायचं राहिलं, मग इतके दिवस का नाही सांगितलंस याचं उत्तर नाही म्हणून राहिलं. हे खरं आहे, पण अर्धंच. सर दर शनिवारी मला बरोबर न्यायचे आणि मी कधी नाही म्हटलं नाही.

आणि त्याच तीन वर्षांत सरांनी मला माणूस केलं, हेही सांगायला हवं. क्लायंटपुढचं माझं पहिलं प्रेझेंटेशन त्यांनी रिकाम्या कॉन्फरन्स रूममध्ये सात वेळा ऐकलं आणि सातही वेळा मधेच उठून गेले. आठव्या वेळी शेवटपर्यंत बसले आणि दिवा बंद करून निघाले. आज माझं जे काही बरं चाललंय ते त्या आठव्या वेळेवर. माझ्या ग्रीन कार्डच्या फाइलमध्ये वकिलानं त्यांचं शिफारसपत्र दाखवलं. शेवटी लिहिलं होतं : 'हा माणूस काही वाया घालवत नाही.' पत्र लिहिल्याचं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. ते वाचलं त्या शनिवारीही मी बाकावर बसलो आणि गप्प राहिलो.

२००७ च्या हिवाळ्यात हॉलिस गेला. दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. सर काळ्या सुटात, हातात कागदी प्लेट घेऊन भिंतीजवळ उभे होते. हॉलिसची बायको डोरीन सगळ्यांना भेटत भेटत आमच्यापर्यंत आली आणि तिनं सरांचा हात धरला.

"उजवीकडे बसायचात ते तुम्हीच ना? हॉलिस नेहमी म्हणायचा, माझ्या अंधाऱ्या बाजूला एक गृहस्थ बसतो, असा ताल धरतो की घड्याळ त्याच्यावर लावून घ्यावं. पण टर्न मात्र कधी घेत नाही. मी म्हणायचे, मग विचार ना त्याला. तर म्हणे, ज्याला वाजवायचं असतं तो हाक मारतो. नसेल वाजवायचं तर उगाच कशाला लाजवा."

"अंधारी बाजू?" सरांनी विचारलं.

"उजवा डोळा काचेचा होता ना! मिलमध्ये धोटा लागलेला, आमचं लग्न व्हायच्या आधी." ती थोडी हसली. रडून रडून थकलेलं माणूस हसतं तसं. "गावातलं कुत्रंसुद्धा त्याच्या डावीकडून जायचं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही, मॅम," सर म्हणाले. प्लेट कलली होती आणि घेवड्याचा रस त्यांच्या बाहीवर उतरत होता. तो मी कागदानं पुसला. त्यांनी पुसू दिला.

परतीचा निम्मा रस्ता संपला. मग सर रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "तुझे वडील मागावर होते."

"हो, सर."

"तिथं असे लोक असतील."

"होते एक. बाबूकाका."

"तू कधी ओळखलंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. "पहिल्याच दिवशी."

"कशावरून?"

मी कप सांगितला, मान सांगितली, भुवईतली चीर सांगितली. त्यांनी मीटिंगमध्ये विचारावेत तसे प्रश्न विचारले. कोणत्या स्टुलावर? किती वेळा चाचपलं? मी सगळी उत्तरं बरोबर दिली.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "एवढं पोटात ठेवता येतं तुला. मग डॉक्युमेंटमध्ये काऊन नाही येत बे?"

माझ्या अपार्टमेंटखाली त्यांनी गाडी थांबवली. मी "सर," एवढंच म्हणालो. "सोमवारी स्पेक आण," ते म्हणाले आणि गेले. सोमवारी मी स्पेक, म्हणजे नव्या कामाचा लेखी तपशील, नेला. त्यांनी तो नेहमीसारखाच खोडून परत दिला. पण त्या दिवसापासून मला इचलकरंजी म्हणणं बंद झालं. ते मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारायला लागले, पूर्ण नावानं, आडनावासकट.

त्या दुकानात ते पुन्हा गेले नाहीत. डोरीननं दोनदा निरोप पाठवला होता की आता म्होरक्या दुसरा आहे, तुम्ही या, पहिलं कडवं तुम्हीच वाजवा. २००८ च्या उन्हाळ्यात त्यांनी दूरच्या प्लेनो शहरात नोकरी धरली. वहिनींना मी फोनवर विचारलं, सर वाजवतात का? "गिटार गेस्ट रूमच्या पलंगाखाली आहे," त्या म्हणाल्या. "आता गॅरेजमध्ये गाडी राहते. बरं आहे की." मग म्हणाल्या, "तुम्ही काही बोललात का त्यांना?"

तेव्हा मी पत्र लिहिलं. ईमेल नाही, हातानं, मराठीत, चार पानं. माझे वडील, तो खडखडाट, ती मीटिंग, बाबूकाका, ते आठवं प्रेझेंटेशन, शिफारसपत्र, माफी. माफी तर पानापानावर. शेवटी 'आपला कायमचा ऋणी' लिहून सही केली आणि प्लेनोच्या पत्त्यावर टाकलं.

तीन आठवड्यांनी लिफाफा आला. आत माझीच चार पानं होती. वडील खोडले होते, मीटिंग खोडली होती, माफी जिथं जिथं होती तिथं तिथं पट्टी लावून सरळ रेघ मारली होती. 'आपला कायमचा ऋणी' गेलं होतं. सहीसुद्धा गेली होती. चारही पानं लाल. तिसऱ्या पानावर मधोमध, लिहिताना माझाच हात जिथं अडखळला होता, तिथं एक वाक्य त्यांनी ठेवलं होतं :

'मला मजा वाटत होती.'