शांतामावशीचा घाम

बाळापूरच्या स्टँडवर अब्बांनी मला मिठी मारली ती कोपरांनी. सायकली दुरुस्त करून हात काळे झाले होते आणि माझा शर्ट नवा होता. "उधर जो सिखाएंगे, सीख. जबान मत चला," एवढंच म्हणाले. अकोल्यातल्या एका स्टुडिओत लग्नाच्या कॅसेटी जोडायला शिकलो होतो. तेवढ्या जोरावर मी मुंबईला निघालो होतो.

एका न्यूज चॅनेलमध्ये असिस्टंट व्हिडिओ एडिटर झालो. नाव मोठं. काम म्हणजे टेपा मशीनवर चढवायच्या, कुठे काय आहे ते बघून ठेवायचं, सिनियर मागेल तो तुकडा काढून द्यायचा. वऱ्हाडातल्या आत्महत्यांचे ते दिवस. तिकडची टेप आली की "तुझ्या गावचं आलंय," म्हणत माझ्याकडे सरकवायचे. टेपेत बातमीदारांचे आवाजही असत: "काकू, फोटोकडे बघा. पुन्हा एकदा. पदर डोळ्याला लावा." मला डबा उघडावासा वाटत नसे.

एका टेपेत शांतामावशी निघाली. बाजाराच्या दिवशी अब्बांच्या दुकानासमोर भाजी घेऊन बसायची ती. नवरा गेल्याचं अम्मीनं फोनवर सांगितलं होतं. भर उन्हात शेताच्या धुऱ्यावर उभी राहून ती ठणकावून बोलत होती. "मी रडाले नाई आली. माह्या देरानं माह्यं वावर बळकावून पेरलं. तलाठी मले दारात उभी करून नाई राह्यला. हे दाखवा."

सिनियर म्हणाला, "हे कोण ऐकणार? ती घाम पुसते ना, तो शॉट काढ. स्लो कर, मागे बासरी टाक."

घाम पुसणारा हात हळू केला की डोळे पुसल्यासारखा दिसतो.

"सर, ती रडत नाहीये. तक्रार करतेय."

"लग्नाच्या कॅसेटी कापताना नवरी का रडते ते विचारायचास का रे?"

सगळे हसले. मी खुर्चीवरून उठलो. त्यानं स्वतः बसून तो तुकडा लावला. दिवसभर चालला. पॅन्ट्रीत चहा पीत लोक "काय शॉट आहे!" म्हणत होते. मी कप तसाच ठेवून बाहेर आलो.

दोन दिवसांनी अब्बांच्या दुकानातून मावशीचा फोन आला. "काहून रे बाबू, मी कवा रडली? देर हासून राह्यला ना माह्यावर."

तिचं पूर्ण बोलणं मी सीडीवर उतरवलं, नोकरी सोडली आणि गाव गाठलं. बाजाराच्या दिवशी अब्बांनी दुकानात टीव्ही मांडून ती सीडी लावली. गर्दी जमली, दीरही होता. मावशी शेवटपर्यंत उभीच राहिली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "ऐकलं? हे बोलली मी."

तो मान खाली घालून निघून गेला. वावर मात्र सोडलं नाही त्यानं. ते पुढे कोर्टातून सुटलं. टीव्हीमुळे नव्हे.

आज मी पुन्हा मुंबईतच एडिटर आहे. न्यूजच्या वाटेला परत गेलो नाही, मालिका जोडतो. ती बासरी कुठे वाजली तरी अजून शिसारी येते. माझ्यासारखेच गाव सोडलेले मित्र म्हणतात, आता इथलाच झालास. असेन. पण इथे माझं काम पाहून लोक छान म्हणतात, नाहीतर चॅनेल बदलतात. ज्यांची चित्रं तेव्हा कापली, ती माणसं मला रस्त्यात अडवून "मी कवा रडली?" विचारू शकतात ती बाळापुरातच. म्हणून घर म्हटलं की अजून तेच.