नातीच्या वाट्याचं औषध

माझ्या वडिलांचं, अप्पांचं, बंगळूरच्या शिवाजीनगरात बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे पत्र्याची शेड. रिक्षांच्या, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या तिथे उघडायच्या, खराब प्लेटा काढायच्या, शिसं कढईत वितळवायचं आणि नवी टर्मिनलं ओतायची, हे काम ते तरुणपणी बेळगावहून इथे आले तेव्हापासून करत होते. दुकानामागच्याच गल्लीत आमचं घर. लग्नानंतर मी आणि माझा नवरा वरच्या मजल्यावर राहायला आलो. नवरा पुण्याचा, आम्हा दोघांचीही ऑफिसं व्हाइटफील्डला, त्यामुळे मुलगी झाल्यावर ती दिवसभर खाली आई-अप्पांकडेच असायची.

दुपारी अप्पा जेवायला घरी आले की ती धावत जाऊन त्यांच्या पायाला मिठी मारायची. ते जेवायचे आणि मग चटईवर आडवे व्हायचे. ती त्यांच्या छातीवर झोपायची, गाल त्यांच्या शर्टाला लावून. आई मला ऑफिसात तसे फोटो पाठवायची. माझ्या फोनमध्ये ते अजून आहेत. मी ते उघडत नाही.

आधी आजारी पडले अप्पा. पोटात कळा यायच्या, इतक्या की ते पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. गॅस झाला, अल्सर असेल, असं म्हणत वर्ष गेलं. मग एका सकाळी चहाची बशी उचलताना त्यांचं मनगट खाली पडलं. बशी फुटली. त्यांनी हात पुन्हा उचलायचा प्रयत्न केला, तर पंजा नुसता लोंबत राहिला. "झोपेत हात अवघडला असंल गे," ते मला म्हणाले.

ज्या डॉक्टरीणबाईंकडे शेवटी गेलो, त्यांनी तपासायच्या आधी विचारलं, "तुम्ही काम काय करता?" अप्पांनी सांगितलं. त्यांनी अप्पांचं तोंड उघडून हिरड्या पाहिल्या आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो बाजूला ठेवला आणि माझ्याकडे वळून दुसराच प्रश्न विचारला. "घरात लहान मूल आहे का?"

मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. तिला जेमतेम पाच-सहा शब्द यायचे. मुली लवकर बोलतात म्हणतात, पण एखादी उशिरा बोलते, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. तिच्या रक्तातही शिसं निघालं. अप्पांच्या मानाने पुष्कळ कमी, पण तिच्या वयाला नको तेवढं.

त्या दिवशीचं बोलणं मला अजून आठवतं. अप्पा आणि डॉक्टर कानडीत बोलत होते. अप्पांना कॅप्सूल द्यायच्या ठरल्या होत्या. हॉस्पिटलात त्या उपचाराला कीलेशन म्हणत. शिशाला धरून ठेवून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध. डॉक्टरांनी त्यांचं वजन केलं, मूत्रपिंडाचे रिपोर्ट दोनदा वाचले आणि डोस ठरवला. मूत्रपिंड आधीच थकलंय, त्यामुळे सांभाळून द्यावं लागेल, म्हणाल्या. औषध चालू असताना दर आठवड्याला रक्त तपासायचं. एक कोर्स झाला की थांबायचं, कारण रक्तातलं शिसं कमी झालं तरी हाडांत वर्षानुवर्षं साठलेलं हळूहळू रक्तात उतरतं आणि आकडा परत चढतो. मग बघून पुढचा कोर्स. "आणि दुकानात पाऊल टाकायचं नाही. औषध घेत असताना शिसं पोटात गेलं तर ते अंगात जास्तच शोषलं जाईल. फायद्याऐवजी नुकसान."

अप्पा मान हलवत होते. मग म्हणाले, "सरी, बरं. आणि नातीला किती गोळ्या?"

"तिला गोळ्या नाहीत."

"का?"

"तिचं प्रमाण औषध द्यायच्या पातळीच्या खाली आहे. हे औषध साधं नाही. पांढऱ्या पेशी कमी करू शकतं, लिव्हरला त्रास देऊ शकतं, शिशाबरोबर शरीराला हवं ते जस्तही बाहेर काढतं. एवढ्या प्रमाणाला औषध देऊन मुलांच्या बुद्धीत काही फरक पडत नाही. तिच्या घरात शिसं येणं थांबवा. लोह द्या, दूध द्या, हात धुवा, फरशी ओल्या फडक्याने पुसा."

"मला औषध आणि तिला फडकं?" अप्पा म्हणाले.

बाहेर रिक्षात बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "घरात शिसं यायचं थांबवा म्हणजे मलाच की गे?"

मी म्हटलं, "तुमच्या कपड्यांना, अप्पा. दुकानातल्या धुळीला."

दुकान त्या आठवड्यातच बंद झालं. त्यांचे शर्ट, चटई, उशा, सगळं आम्ही टाकून दिलं. आईने घर इतक्या वेळा पुसलं की तिच्या गुडघ्यांना सूज आली. पुढच्याच आठवड्याच्या तपासणीला डॉक्टर स्वतः म्हणाल्या की आता नातीला खुशाल जवळ घ्या, तुमच्या अंगातलं शिसं काही स्पर्शाने जात नाही. अप्पांनी ऐकून घेतलं. पण त्यांच्या डोक्यात हाडांची गोष्ट बसली होती. मुलगी मिठी मारायला आली की ते उठून उभे राहायचे. "स्वल्प थांब बाळा, अज्जाला काम आहे," म्हणायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे. दुकान बंद झालेल्या माणसाला काय काम असणार? ती थोडा वेळ दारात थांबायची आणि मग आजीकडे जायची. पुढे तिने धावत जाणं सोडून दिलं.

कोर्स सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी मुलीला उलट्या सुरू झाल्या. अंगावर लाल पुरळ उठलं. एका रविवारी मी तिला भरवत होते, अप्पांनी तिच्यासाठी केलेलं शिकरण. औषध सुरू झाल्यापासून रोज ते स्वतः करून आईच्या हातात द्यायचे, भरवायचे मात्र नाहीत. आम्हाला बरं वाटायचं, तेवढं तरी करतायत म्हणून. वाटी तोंडाशी नेली तर सडक्या अंड्यासारखा वास आला. केळं खराब असेल असं वाटून मी वास घेतला, आणि तो वास मला ओळखीचा वाटला. अप्पांच्या कॅप्सूलच्या बाटलीचं झाकण उघडलं की अगदी तसाच वास यायचा.

मी वाटी घेऊन गॅलरीत गेले. ते खुर्चीवर बसले होते. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी वाटीकडे पाहिलं.

"अर्धीच घालतो गे," ते म्हणाले. "अर्धी मी घेतो. ती किती लहान आहे, मला कळतं की."

"डॉक्टर नको म्हणाल्या होत्या ना, अप्पा."

"त्यांना काय. त्यांनी तिला मांडीवर घेतली नव्हती."

माझा नवरा आतून आला, त्याने वाटी माझ्या हातातून घेतली आणि मुलीला उचललं. आम्ही तसेच हॉस्पिटलला निघालो. जिन्यात मी वळून पाहिलं. अप्पा दोन्ही हातांनी कठडा धरायचा प्रयत्न करत होते आणि उजवा पंजा पुन्हा पुन्हा सुटत होता.

तिच्या पांढऱ्या पेशी खरंच खाली आल्या होत्या. तिला दाखल करून घेतलं, आमच्याशिवाय कुणाला भेटू दिलं नाही. मुलांचे डॉक्टर रागावले नाहीत. औषध बंद झालं की पेशी बहुतेक भरून येतात, म्हणाले, आणि खरंच तसं झालं. आठवड्याने तिने जेवण मागितलं. त्या आठवड्यात आईने घरून डबे पाठवले. अप्पांनी एकदाही फोन केला नाही.

तिच्यासाठी निम्मं औषध काढत गेल्यामुळे त्यांचा स्वतःचा डोस अपुरा पडला होता. पुढच्या तपासणीत त्यांचा आकडा जवळपास होता तिथेच होता, आणि मूत्रपिंड मात्र आणखी ढासळलं होतं. डॉक्टरांनी नवा हिशेब मांडला. आता औषध अजून सावकाश द्यावं लागेल, हवं तर हॉस्पिटलात ठेवून. मनगट सुधारेल का, असं मी विचारलं. थोडं सुधारेल कदाचित, म्हणाल्या. नसांचं जे गेलंय ते औषध परत आणत नाही, ते फक्त पुढचं वाचवू बघतं.

"मला नको आता," अप्पा म्हणाले. त्यांना कुणी समजावलं नाही असं नाही. आईने जेवण सोडलं, नवरा त्यांच्यापुढे पाऊण तास बसला, मी हात जोडले. ते म्हणाले, "त्या बाटलीकडं मला बघवत नाही." आणि बेळगावजवळच्या गावी धाकट्या बहिणीकडे राहायला निघून गेले. तिथे शेजारच्या सरकारी दवाखान्यात मूत्रपिंडामुळे चढलेल्या रक्तदाबाची गोळी घेईन, एवढं कबूल केलं. आई दोन घरांत ये-जा करत राहिली.

आम्ही रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचो. मुलीला समोर धरलं की ते फोन आत्याकडे द्यायचे. पण ती बाजूला गेली की मला विचारायचे, "आज काय बोलली?" मी सांगायचे. आज कावळा म्हणाली. आज 'नको मला' म्हणाली, दोन शब्द जोडून. ते प्रत्येक शब्द स्वतः एकदा म्हणून बघायचे. कावळा. नको मला. मग म्हणायचे, "बरं आहे," आणि फोन ठेवायचे.

पुढच्या वर्षी एका मंगळवारी सकाळी मी ऑफिसच्या बसमध्ये असताना आत्याचा फोन आला. अंघोळीला पाणी काढताना ते पडले होते. रक्तदाब फार वाढून मेंदूत रक्तस्राव झाला होता. आम्ही पोहोचेपर्यंत ते गेले होते. मुलीला आम्ही बंगळूरलाच शेजारच्या अक्कांकडे ठेवून आलो होतो, आणि आत्याच्या घरी बसल्या बसल्या पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी कॅप्सूलबद्दल ते गॅलरीत जे बोलले, त्यानंतर नातीचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं.

आता ती शाळेत जाते. बोलते, भरपूर बोलते, आजीशी कानडी मिसळून भांडते. वाचताना अक्षरं उलटी करते. हे शिशामुळे की तसंच, असं मी डॉक्टरांना विचारलं. कुणी सांगू शकणार नाही, म्हणाल्या. तिच्या रक्तातलं प्रमाण मात्र खाली येत गेलं, औषधाशिवाय, नुसत्या फडक्याने आणि दुधाने, त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसंच. ते ऐकायला अप्पा हवे होते, असं मला वाटतं, आणि मग वाटतं की नकोत, बरं झालं ते नाहीत.

तिला ते आठवत नाहीत. गेल्या आठवड्यात ती जिना चढताना 'संध्याकाळ' हा शब्द पहिल्यांदा न अडखळता म्हणाली. माझा हात पर्समधल्या फोनकडे गेला. मग मी दार उघडलं आणि आम्ही आत गेलो.